मुक्या रोग्यांचे वैद्य

माणसाचा वैद्य रोग्याला पहिला प्रश्न विचारतो तो "काय होतें?" हा. जनावरांच्या वैद्यालाहि तो विचारावा लागतो. परंतु त्याचें उत्तर देणारा रोगी नसतो, दुसराच कोणी तरी असतो. दुखणें एकाचें, तोंड दुसऱ्याचें आणि खिसाहि त्या दुसऱ्याचाच, अशा विलक्षण त्रिकोणांत पशुवैद्याला आपलें आयुष्य काढावें लागतें, आणि त्याच्या धंद्यांतील बहुतेक सुखदुःखें या एका गोष्टींतून उद्भवलेलीं असतात. या त्रिकोणाची ओळख शहरांतील सुशिक्षित कुटुंबांना करून द्यावी, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे. ज्या घरांत कुत्रें किंवा मांजर आहे त्या घराचा या वैद्याशीं प्रत्यक्ष संबंध येतो. आणि ज्या घरांत तें नाहीं, पण सकाळीं दूध येतें, त्या घराचा अप्रत्यक्ष संबंध तर रोजच येतो.

हा धंदा आपल्या देशाला नवा नाहीं. सम्राट अशोकानें आपल्या दुसऱ्या गिरिलेखांत मनुष्यचिकित्सा व पशुचिकित्सा या दोहोंची सोय केल्याचें नमूद केलें आहे, आणि गिरनारच्या खडकावर तो लेख अद्याप उभा आहे. अर्वाचीन पद्धतीची पहिली शाळा मात्र फ्रान्समध्यें निघाली. १७६१ सालीं क्लोद बुर्जला या गृहस्थांनीं लियों शहरीं ती स्थापण्याची परवानगी मिळविली. गुरांचे कळपच्या कळप नाहींसे करणाऱ्या बुळकांडीच्या सांथी हें तिचें एक मोठें कारण होतें. आपल्याकडे मुंबईस परळ येथें १८८६ सालीं पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालें, व बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवाचें जनावरांचें रुग्णालय त्याच आवारांत आहे. ज्या बुळकांडीमुळें हें शास्त्र उभें राहिलें ती २०११ सालीं पृथ्वीवरून नाहींशी झाल्याचें जाहीर करण्यांत आलें. मनुष्याच्या प्रयत्नानें समूळ नष्ट झालेले रोग दोनच. पहिला देवी आणि दुसरा हा. देवीच्या उच्चाटनाची कथा शाळेंतील मुलांनाहि ठाऊक असते. बुळकांडीची कथा सुशिक्षितांपैकीं किती जणांनीं ऐकली आहे, हें ज्याचें त्यानें आपल्या मनाशीं पाहावें. या वैद्यांच्या कामाकडे समाजाचें लक्ष किती, याचें माप एवढ्यावरून पुरेसें मिळतें.

या विद्येचा अभ्यासक्रम आज साडेपांच वर्षांचा आहे, व त्यांत एक वर्ष प्रत्यक्ष उमेदवारीचें आहे. माणसाच्या वैद्याला एकाच जातीचा प्राणी शिकावयाचा असतो. याला गाय, म्हैस, घोडा, शेळी, कोंबडी, कुत्रें, मांजर अशा अनेक जाती शिकाव्या लागतात, आणि एकीचा नियम दुसरीला लागू पडत नाहीं. गाईचें पोट चार कप्प्यांचें. घोड्याला ओकारी होऊं शकत नाहीं. आपण डोकेदुखीवर सहज घेतों ती पॅरासिटामॉलची गोळी मांजराच्या यकृताला पचवितां येत नाहीं, व एकच गोळी त्याच्या जिवावर बेतूं शकते. निदान करावयाचें तें हातानें, कानानें, डोळ्यांनीं आणि मालकाच्या सांगण्यावरून. आणि हें सांगणें अपुरें असेल किंवा मुद्दाम लपविलेलें असेल, तर शास्त्र कितीहि चांगलें येत असलें तरी वैद्य अंधारांतच चाचपडतो.

आपण प्रथम खेड्याकडे वळूं. २०१९ सालच्या पशुगणनेप्रमाणें भारतांत ५३ कोटींहून अधिक पशुधन आहे, आणि त्यांत गाईबैल व म्हशी मिळून सुमारें ३० कोटी आहेत. पांच हजार मोठ्या जनावरांमागें एक पशुवैद्य असावा, अशी शिफारस राष्ट्रीय कृषि आयोगानें १९७६ सालीं केली होती. पांच हजार हा आंकडा कागदावर लहान दिसतो. पण तीं जनावरें एका गोठ्यांत नसतात, दहावीस गांवांत विखुरलेलीं असतात. सकाळीं दवाखान्यासमोरच्या खोड्यांत एकामागून एक जनावर उभें राहतें. त्यानंतर कृत्रिम रेतन, लाळ्या-खुरकुताची लस, घटसर्पाची लस, सरकारी तक्ते, मेलेल्या जनावराचें शवविच्छेदन आणि नुकसानभरपाईचा दाखला. रात्रीं निजावयास जावें तों कोणी तरी दारांत येऊन सांगतो कीं, गाय अडली आहे.

गाय अडणें म्हणजे काय, हें शहरांत राहणाऱ्यांनीं एकदां समजून घ्यावें. वासराचें डोकें मागें वळलेलें असतें किंवा एक पाय आंत मुडपलेला असतो. वैद्याला गोठ्यांतल्या ओल्या जमिनीवर आडवें होऊन, खांद्यापर्यंत हात आंत घालून, न पाहतां, केवळ बोटांच्या स्पर्शानें तो पाय ओळखावा लागतो, सरळ करावा लागतो आणि मग दोरी बांधून, गाईच्या कळेबरोबर, बेताबेतानें ओढावा लागतो. गाय कळ देते तेव्हां तिच्या हाडांमध्यें त्याचा हात असा चेपला जातो कीं बोटें बधिर होतात. हें तासभर चालतें, कधीं दोन तास. आणि गाईला सांसर्गिक गर्भपाताचा रोग असेल, तर त्याचे जंतु त्याच पाण्यांतून व त्याच वारेंतून वैद्याच्या अंगांत शिरतात. मग महिनोन्‌महिने येणारा ताप व सांधेदुखी त्याच्या वांट्यास येते. दुसरा प्रसंग याहून भयंकर. गाय कांहीं खात नाहीं, लाळ गाळते, घशांत कांहीं अडकलें असावें असें मालक सांगतो. वैद्य तोंडांत हात घालून पाहतो. घशांत कांहींच नसतें, कारण गाईला पिसाळलेला कुत्रा चावलेला असतो. म्हणून शहाणा पशुवैद्य पिसाळरोगाची लस स्वतःला आधींच टोंचून घेतो.

एवढे श्रम करून गाय व वासरूं दोन्ही वांचलीं, तर त्या घरांत त्याला देवासारखा मान मिळतो. वांचलीं नाहींत तर काय होतें? ज्या कुटुंबाचें मीठमिरचीचें खर्च त्या एका गाईच्या दुधावर चालत होतें, त्यानें रागवावें तरी कोणावर? वैद्याला बोलाविण्यापूर्वीं दोन दिवस घरगुती उपाय झालेले असतात, गांवांतल्या कोणी अडाण्यानें ओढाताण केलेली असते. परंतु शेवटचा हात ज्याचा लागला त्याच्याच माथीं अपयश बसतें. २०२२ सालीं लम्पी या त्वचारोगाची सांथ गुजरात व राजस्थानांतून महाराष्ट्रांत शिरली, तेव्हां शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोंचण्याची मोठी मोहीम निघाली. त्या दिवसांत गोठ्यागोठ्यांतून हिंडणाऱ्या या लोकांना सकाळीं लस टोंचावयाची आणि दुपारीं, लस पोंचण्यापूर्वींच आजारी पडलेल्या जनावराशेजारीं बसलेल्या शेतकऱ्याची समजूत घालावयाची, अशीं दोन्ही कामें करावीं लागलीं. दुसऱ्या कामाचें शिक्षण पुस्तकांतून मिळत नाहीं.

आतां शहराकडे येऊं. येथें चिखल नाहीं, रात्रीचा गोठा नाहीं. परंतु त्रिकोण तोच आहे, किंबहुना अधिक अवघड आहे. शहरांतलें कुत्रें मिळकत नसून घरांतलें मूल असतें. एका खोलींत दोन महिन्यांच्या पिलाला पहिली लस टोंचावयाची असते व घरची मुलें आनंदानें नाचत असतात. शेजारच्या खोलींत चौदा वर्षांचें कुत्रें अखेरच्या घटका मोजत असतें आणि त्याचें डोकें मांडीवर घेऊन एक वृद्ध गृहस्थ बसलेले असतात. वैद्याला या दोन खोल्यांमधील दार दिवसांतून अनेक वेळां ओलांडावें लागतें, आणि प्रत्येक वेळीं चेहरा बदलावा लागतो. हा बदल खोटा नसतो. दोन्ही ठिकाणीं तो खऱ्या सहानुभूतीनेंच उभा असतो. म्हणूनच त्याला तो अधिक थकवितो.

त्यांतच पैशाचा प्रश्न येतो. माणसाच्या आजारांत सरकारी रुग्णालय असतें, कोठें विमा असतो, नोकरीच्या ठिकाणची सवलत असते. त्यामुळें औषधोपचाराचा खरा खर्च पुष्कळांना कधीं कळतच नाहीं. इंग्लंडांत १९४८ पासून सरकारी आरोग्यसेवा असल्यामुळें तेथील लोकांना तर तो बहुधा दिसतहि नाहीं. जनावराच्या बाबतींत मात्र क्ष-किरणाचें यंत्र तेंच, भूल देण्याचें औषध तेंच, शस्त्रक्रियेचे टांके तेच, आणि सर्व खर्च मालकाच्या खिशांतून त्याच दिवशीं जावयाचा. अशा वेळीं वैद्याला एकाच तोंडानें "तुमचें कुत्रें वांचेल" आणि "याला इतके रुपये लागतील" हीं दोन वाक्यें उच्चारावीं लागतात. दुसरें वाक्य उच्चारतांच पहिल्या वाक्यांतली माया खोटी होती असें मालकाला वाटूं लागतें. "तुमचें प्राण्यांवर प्रेम असतें तर तुम्हीं पैसे मागितले नसते," हें वाक्य ज्यानें ऐकलें नाहीं असा पशुवैद्य विरळा. ज्याचें प्रेम आहे त्यानें दवाखान्याचें भाडें कोठून द्यावें, हा प्रश्न बोलणाऱ्याच्या मनांत येत नाहीं. आणि खर्च झेपत नाहीं म्हणून बरें होण्यासारखें जनावर डोळ्यांसमोर जातें, तेव्हां मालकाइतकेंच तें वैद्याच्याहि मनाला लागतें; कारण उपाय काय तें त्याला ठाऊक असतें आणि हात मात्र बांधलेले असतात.

याहून कठीण प्रसंग दयामरणाचा. असाध्य वेदनांनीं तळमळणाऱ्या जनावराला शांतपणें मरण देणें हें माणसाच्या वैद्याच्या कर्तव्यांत येत नाहीं. पशुवैद्याच्या कर्तव्यांत तें येतें. जनावराला जगविणें म्हणजे त्याचा छळच होणार असेल तर त्याचा अंत करण्याची तरतूद प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यांतहि आहे. परंतु कायद्यानें प्रश्न सुटत नाहीं. एक मालक म्हणतो, "आमच्या घरांत ही हत्या नको," आणि जनावर आठ दिवस कण्हत पडतें. दुसरा म्हणतो, "आम्ही परगांवीं जाणार, याला संपवून टाका," आणि तें जनावर धडधाकट असतें. पहिल्याची श्रद्धा समजते, दुसऱ्याची अडचणहि कदाचित् समजते. परंतु दोन्ही वेळीं ज्याच्या हिताची शपथ वैद्यानें घेतली तो रोगी मधल्या मध्यें राहतो. जें योग्य आहे असें मन सांगतें तें करतां येत नाहीं, आणि जें अयोग्य वाटतें त्याची मागणी होते, हा या धंद्यांतला सर्वांत खोल जाणारा कांटा आहे.

मालकाच्या रागाविषयींहि थोडें समजुतीनें बोललें पाहिजे. घरांतलें माणूस गेलें तर शेजारीपाजारी येतात, सुतक असतें, चार दिवस रजा मिळते. कुत्रें गेलें तर "कुत्रेंच तर होतें, दुसरें आणा" असें लोक म्हणतात. ज्या दुःखाला समाजांत बसावयास जागा नसते तें दुःख रागाचें रूप घेतें, आणि तो राग सर्वांत जवळच्या माणसावर, म्हणजे वैद्यावर, निघतो. पूर्वीं तो दवाखान्याच्या चार भिंतींत संपत असे. आज तो मोबाइलवर लिहिला जातो, हजार अनोळखी माणसें तो वाचतात, आणि रोग्याची हकीकत गुप्त राखण्याचें बंधन असल्यामुळें वैद्याला त्याला धड उत्तरहि देतां येत नाहीं.

हें सर्व सांगण्याचें कारण केवळ हळहळ वाटावी हें नव्हे. या ओझ्याचा परिणाम मोजला गेलेला आहे. इंग्लंडांतील पशुवैद्यांसंबंधींच्या संशोधनाचा जो आढावा २०१० सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत या धंद्यांतील आत्महत्यांचें प्रमाण सर्वसामान्य लोकांच्या निदान तिप्पट असल्याचें आढळलें. अमेरिकेंत १९७९ ते २०१५ या काळांत मरण पावलेल्या ११,६२० पशुवैद्यांची नोंद तपासण्यांत आली, व तिचे निष्कर्ष २०१९ सालीं बाहेर आले. सामान्य लोकांच्या मानानें हें प्रमाण पुरुष वैद्यांत २.१ पट आणि स्त्री वैद्यांत ३.५ पट भरलें. हे आंकडे त्या देशांचे आहेत. परंतु त्यांमागचीं जीं कारणें सांगितलीं जातात तीं आपण आतांपर्यंत पाहिलींच: अपुरी झोंप, एकटेपणानें घ्यावयाचे निर्णय, पैशाची ओढाताण, रागावलेला मालक, आणि चूक होतां कामा नये असा स्वतःवरच घातलेला धाक.

जेम्स हेरियट या टोपणनांवानें लिहिणारे यॉर्कशरचे पशुवैद्य आल्फ्रेड वाइट (१९१६–१९९५) यांचीं पुस्तकें आपल्याकडेहि आवडीनें वाचलीं जातात. १९७० सालच्या त्यांच्या पहिल्या पुस्तकाचें नांवच "त्यांना बोलतां आलें असतें तर" अशा अर्थाचें आहे. या धंद्यांतील गमतीनें साऱ्या जगाला हसविणाऱ्या या माणसाला १९६० च्या सुमारास नैराश्याच्या विकारानें ग्रासलें होतें, असें त्यांच्या मुलानें लिहिलेल्या चरित्रावरून दिसतें. तो विकार बरा झाला आणि त्यानंतरच तीं सर्व पुस्तकें लिहिलीं गेलीं, ही गोष्ट आवर्जून लक्षांत ठेवण्यासारखी आहे. मनाचें दुखणें हेंहि दुखणेंच; त्याला उपचार आहे. इंग्लंडांत पशुवैद्यांची नोंदणी करणाऱ्या संस्थेनें २०१४ च्या अखेरीस त्यांच्या मनःस्वास्थ्यासाठीं स्वतंत्र उपक्रम सुरू केला. आपल्या देशांत २०२२ पासून टेली-मानस ही सरकारी दूरध्वनि-सेवा चालते. १४४१६ या क्रमांकावर कोणालाहि, म्हणजे अर्थात् पशुवैद्यालाहि, आपलें मन मोकळें करतां येतें.

या वैद्यावर आणखी एक जबाबदारी असते, आणि ती मालकाला दिसत नाहीं. ती आपणां सर्वांची. एक उदाहरण पुरे आहे. डायक्लोफिनॅक नांवाचें स्वस्त वेदनाशामक औषध लंगडणाऱ्या गुरांना दिलें जात असे. गुराला आराम पडे, मालक संतुष्ट होई. परंतु औषध दिलेलें गुरूं मेलें व त्याचें मांस गिधाडांनीं खाल्लें, म्हणजे गिधाडांचे मूत्रपिंड निकामी होत. आकाशांत सदैव घिरट्या घालणारीं गिधाडें बघतां बघतां दिसेनाशीं झालीं. त्यांच्या कांहीं जातींत शेंकडा ९५ हून अधिक घट झाली. कारण २००४ सालीं प्रसिद्ध झालें, व २००६ सालीं भारत सरकारनें जनावरांसाठीं या औषधावर बंदी घातली. मेलॉक्सिकॅम हें दुसरें औषध गिधाडांना बाधत नाहीं, म्हणून तें सुचविण्यांत आलें. तेव्हां "पूर्वींचेंच औषध द्या", "सुई टोंचल्याशिवाय गाय बरी होणार नाहीं", "औषध चालू असलें तरी दूध डेअरीला घालूं द्या", असा आग्रह मालक धरतो, आणि वैद्य नाहीं म्हणतो, तेव्हां तो आपल्या मुलांच्या पेल्यांतल्या दुधासाठीं व आकाशांतल्या पक्ष्यांसाठीं एका गिऱ्हाइकाची मर्जी गमावत असतो.

मग आपण काय करावें? मोठें कांहीं नाहीं. वैद्यापाशीं खरें बोलावें. घरांतली गोळी दिली असेल, चार दिवस वाट पाहिली असेल, तर तसें सांगावें. तो रागावला तरी जनावर वांचेल. खर्च किती येईल हें उपचारापूर्वींच विचारावें, आणि आपली ऐपत किती हेंहि न लाजतां सांगावें. कारण कमी खर्चाचा मार्ग पुष्कळदां असतो, पण ऐपत कळल्याशिवाय तो सुचवितां येत नाहीं. जनावर म्हातारें झालें कीं त्याच्या अखेरीविषयीं घरांतल्या सर्वांनीं शांतपणें आधींच विचार करावा, म्हणजे तो निर्णय मध्यरात्रीं एकट्या वैद्यावर ढकलण्याची पाळी येणार नाहीं. चावणाऱ्या कुत्र्याला मुसकें बांधून न्यावें. धाप, रक्तस्राव, विषबाधा किंवा अडलेली वीण यांसाठीं रात्रीं अवश्य हांक मारावी. नखें वाढलीं आहेत म्हणून मारूं नये.

आणि आणखी एक गोष्ट. जनावर गेल्यावर मालक बहुधा त्या दवाखान्याची पायरी पुन्हा चढत नाहीं; तेथें जावयाला त्याचें मनच घेत नाहीं. त्यामुळें ज्या वैद्यानें शेवटच्या रात्रीं जागरण केलें त्याला त्या घराचें पुढें काय झालें हें कधीं कळत नाहीं, आणि रागावलेल्यांचेच शब्द तेवढे त्याच्यापाशीं उरतात. आपल्या घरीं असा प्रसंग येऊन गेला असेल, तर त्या वैद्याला दोन ओळींची चिठ्ठी पाठवावी. कितीहि उशीर झालेला असला तरी ती पाठवावयास हरकत नाहीं.